बटणांची ब्रिगेड

युरोपातल्या सैन्याच्या चिलखती गाडीला आठ चाकं असतात, हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या बटणांच्या डब्याने शिकवलं.

मी शिवणकाम करते. कुठल्या क्लासला गेले नाही, चिपळूणला आईच्या मशीनवर बसून बसून आलं ते आलं. लग्न होऊन कुवेतला आले आणि इथल्या बायकांचे ब्लाउज, कुर्ते, पडदे, जे समोर येईल ते शिवत गेले. बटणांसाठी बिस्किटांचा एक निळा गोल डबा होता, त्यात एकेक जोड दोऱ्यात ओवून ठेवलेला असे. तर एका सकाळी एका बाईच्या कुर्त्याला राखाडी शिंपल्याची बटणं हवी होती म्हणून डबा उघडला, आणि ती नाहीत. काळी नाहीत. गडद हिरवी, जी अर्दियाच्या एका गोदामात तीन वेळा खेटे घालून मिळवली होती, तीसुद्धा नाहीत.

ह्यांना विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं, नाही. तिसऱ्यांदा समोर जाऊन डबाच नाकासमोर धरला, तेव्हा म्हणाले, "सिस्टरना दिली. त्यांच्या गाड्यांना चाकं नव्हती."

बघा आता. ज्या माणसाला घरात मिठाची बरणी कुठे असते ते तीस वर्षांत कळलं नाही, त्यांना बटणांचा डबा बरोबर सापडला. तोही शिवणाच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, अस्तरांच्या मागे.

सिस्टर कोण ते सांगते. आम्ही अहमदीत राहतो. तेल कंपनीने कधीकाळी बांधलेली बैठी घरं, पुढे बागेचा तुकडा, रस्त्याला सावली. आमच्यापासून दोन घरं सोडून ती राहायची. इस्पितळात नर्स, मूळची नगरची, बिनलग्नाची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. उंच, काटकुळी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं. आवाज असा की तिने तिच्या ओसरीवर "गुड मॉर्निंग" म्हटलं की माझ्या मशीनवरची रिळं हलायची. तोंडावर मी तिला "तुम्ही" म्हणायची, मनात "ती". अजूनही मनातलीच सवय राहिली आहे.

तिच्याकडे सहा जणांचं जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर कधी कुणी जेवलं नाही. ती स्वतः ओट्याजवळ उभी राहून जेवायची, घोड्यासारखी. टेबलावर ऑपरेशनच्या खोलीतली, वापरातून काढलेली हिरवी चादर, आणि त्या चादरीवर एक ब्रिगेड. पायदळाची. आजच्या काळातली, युरोपातली.

हसू नका. मीही हसले होते.

खजुराच्या बिया म्हणजे सैनिक. आठ बियांचं एक सेक्शन, तीन सेक्शनचं प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. अशा तीन कंपन्या आणि वर एक जड हत्यारांची कंपनी मिळून बटालियन. आणि ब्रिगेडमध्ये तीन बटालियन. टेबल एवढं मोठं नव्हतं, म्हणून एक बटालियन पूर्ण मांडलेली, बाकी दोन लोणच्याच्या बरण्यांमध्ये. "त्या छावणीत आहेत," ती सांगायची. काडेपेटी म्हणजे चिलखती गाडी, दोन्ही अंगांना चार-चार बटणं. माझी. एका गाडीत एक सेक्शन बसतं. पेनांची टोपणं म्हणजे उखळी तोफा. सुया काढलेल्या सिरिंजा म्हणजे तोफखाना, लांबून मारा करणारा, म्हणून टेबलाच्या अगदी कडेला, फ्रिजजवळ. आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल बांधणारे इंजिनियर. केसांचे आकडे म्हणजे सिग्नलवाले, संदेश पोचवणारे, कारण आकडा उभा केला की अँटेनासारखा दिसतो. आणि कढीपत्त्याची वाळकी पानं म्हणजे टेहळणीचे ड्रोन. पंखा लावला की ते खरोखरच उडायचे आणि मग तिचा आवाज दोन घरं ओलांडून माझ्यापर्यंत यायचा, "मेजर! टेहळणी सोफ्याखाली गेली!"

मेजर म्हणजे आमचे हे.

तिने गल्लीतल्या सगळ्यांना हुद्दे दिले होते. कोपऱ्यावरच्या बकाल्यात दूध-अंडी विकणारा केरळचा माणूस, तो क्वार्टरमास्टर. बागेला पाणी घालणारा बांगलादेशी, तो सॅपर, कारण तो खणायचा. आमचे हे तेल कंपनीत यंत्रांची मापं बघणारे टेक्निशियन, आयुष्यात एनसीसीसुद्धा न केलेले, ते एकदम मेजर. आणि मी? मी वहिनी. इतक्या वर्षांत मला साधं हवालदारसुद्धा केलं नाही. एकदा मी हसत हसत विचारलं, "सिस्टर, माझा हुद्दा काय?" तर म्हणाली, "अगं वहिनी, तू तर घरातली." घरातली! मेजर कुठले होते मग, रस्त्यावरचे?

हे सगळं युरोपातलंच का, याची तिने मला तीन वेगवेगळ्या वेळी तीन कारणं सांगितली. पहिल्यांदा म्हणाली, "नगरला वाढले ग मी. छावणीचं गाव. पण आपल्या सैन्याची चर्चा अशी टेबलावर करू नये. त्यांचं सगळं पुस्तकात छापलेलं असतं, म्हणून त्यांचं." दुसऱ्यांदा म्हणाली की तिच्या वॉर्डात तिकडचा एक अधिकारी पाय मोडून पडला होता, जाताना चित्रांचं पुस्तक देऊन गेला. ते पुस्तक मी पाहिलं आहे, म्हणजे तेही खोटं नसावं. तिसऱ्यांदा ती माझ्या ओसरीवर वाटाणे सोलायला बसली होती, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "एकटीला काहीतरी पसारा लागतो, वहिनी. तुझ्याकडे घर आहे."

त्या वेळी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, अर्ध्या वाटाण्याएवढं. पण लगेच मनात आलं, पसारा लागतो तर तुझा तू घाल, माझा माणूस कशाला लागतो त्यात?

कारण शुक्रवार. इथे शुक्रवारची सुट्टी. इतकी वर्षं शुक्रवारी दुपारी जेवण झालं की हे आरामखुर्चीत बसायचे, मी मशीनवर, आणि मी बोलायची. गावाकडचं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या सुनेचं. हे हूं हूं करायचे. ते हूं हूं म्हणजे माझ्या आठवड्याचा गोड घास होता, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. मग ह्यांनी शुक्रवारी जेवण झाल्यावर बूट घालायला सुरुवात केली. अडीच वाजता निघायचे, पाचला परत. आणि परत आले की चेहऱ्यावर असा उजेड, जसा माझ्या हातची पुरणपोळी खाऊन मला कधी दिसला नाही.

"काय करता तिथे अडीच तास?"

"आज इंजिनियरांची कंपनी नदीपार नेली."

"नदी कुठली?"

"निळी ओढणी. तुझीच. त्यांनी मागितली होती ना?"

बघा. ओढणीसुद्धा.

तिचं मागणं म्हणजे असं असायचं. एकदा दारात येऊन म्हणाली, "वहिनी, वीस लवंगा दे. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं कमी पडतायत." मी मुद्दाम फुलं गळलेल्या लवंगा निवडून दिल्या. संध्याकाळी वाटी परत, वर चिठ्ठी: डोकं नसलेलं क्षेपणास्त्र कुठे जाणार? मग दिल्या चांगल्या. काय करता.

तिचा एक नेम होता, कुठल्याही गोष्टीचा तिसरा भाग राखीव ठेवायचा. ब्रिगेडचा सेनापती म्हणे सगळं एकदम लढाईत घालत नाही, काहीतरी मागे हातात ठेवतो. म्हणून ती तीन अंडी उकडली तर दोन खायची. माझ्याकडे जेवायला आली तर तीन पोळ्या मागून घ्यायची, दोन खायची आणि तिसरी रुमालात बांधून पर्समध्ये. "राखीव," म्हणायची. कोण येणार होतं तिच्याकडे ती पोळी खायला, कोण जाणे. मला मात्र त्या वेळी एवढंच वाटायचं की तिसरी पोळी मेजरांसाठी असणार.

मुलगी कॅनडात असते. ती इथेच वाढली, म्हणून मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तिला फोनवर सगळं सांगितलं, बटणं, ओढणी, लवंगा. ती खो खो हसली. "आई, यू आर जेलस!"

"मराठीत बोल."

"मराठीत काय म्हणतात?"

"मत्सर म्हणतात. पण मला तो नाही. मत्सर पुराणातल्या लोकांना होतो. मला नुसती जळजळ होते."

"देन टेक समथिंग फॉर इट."

घेतलं. शिरा घेतला. म्हणजे असं झालं की पुढच्या शुक्रवारी मी साजूक तुपातला शिरा केला, वाटीवर झाकणी ठेवली आणि पावणेचारला तिच्या घराकडे निघाले. शिरा द्यायला जाणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार? बागेतून गेलं की जेवणघराची खिडकी लागते. पडदा अर्धा सरकलेला. मी डोकावले नाही, पण माझे डोळे आत गेले.

टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हे. आणि शांतता. ज्या बाईच्या आवाजाने रिळं हलायची, ती एक शब्द बोलत नव्हती. नुसते ओठ हलवत होती, सावकाश. आणि हे तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. असं टक लावून, की मध्ये पापणी नाही. मग ह्यांनी हात पुढे केला, एक काडेपेटी उचलून पुलापलीकडे ठेवली, आणि ती टाळ्या वाजवून हसली.

मी परत आले. शिरा ओट्याजवळ उभ्याने खाल्ला, अख्खी वाटी. उभ्याने का खाल्ला ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

कुणाला सांगणार? मुलीला सांगितलं नाही. ह्यांना विचारलं नाही. मशीनवर बसून पायडल जोरात मारत राहिले आणि शुक्रवारी दुपारी खिडकी सताड उघडी ठेवायला लागले. ती पुन्हा बोलायला लागली की शब्द न् शब्द यायचा. पहिली बटालियन डावीकडून. टेहळणी पुढे. तोफखाना मागे. जखमींची गाडी पुलाशी. शिवता शिवता मला अख्खी ब्रिगेड पाठ झाली. शत्रूबद्दल माहिती नको का?

आता खैरानचं सांगते, कारण सगळं तिथेच फुटलं.

इथल्या आमच्या मराठी मंडळाची हिवाळ्यात सहल असते. खैरानला समुद्रावर शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेतात, सत्तरेक माणसं असतात, आणि जेवण माझं. किती वर्षं झाली मला आठवत नाही. मी स्वयंपाकात कुणाला हात लावू देत नाही, पण गाड्या कुणाच्या, तंबू कोण आणणार, चाव्या कुणाकडे, ह्यात दर वर्षी घोळ. तर त्या वर्षी बैठकीत आमचे हे, जे बैठकीत चहासुद्धा मागत नाहीत, ते उठून म्हणाले, "सिस्टरना सांगा. ब्रिगेडसारखं नेतील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चिवड्याच्या ताटल्या गोळा केल्या.

तिने एक तक्ता केला आणि ग्रुपवर टाकला. टेहळणी म्हणजे एक गाडी सकाळी सातला पुढे, शॅले उघडायला. तीन बटालियन म्हणजे तीन वस्त्यांमधल्या मोटारी. इंजिनियर म्हणजे तंबूवाले. तोफखाना म्हणजे शेगड्या आणि कोळसे घेऊन जाणारे चार पुरुष, ते फारच खूश. सिग्नल म्हणजे सगळ्यांना फोन करून हलवणारा माणूस: मेजर. आणि सगळ्यात खाली: रसद, वहिनी. रसद शेवटी निघेल, हायवेवरच्या शेवटच्या पेट्रोल पंपाशी थांबेल, आणि सिग्नलचा फोन आल्यावरच पुढे येईल, म्हणजे तंबू, टेबलं मांडून होईपर्यंत जेवण उन्हात उघडं पडणार नाही.

हे मला म्हणाले, "रसदेशिवाय ब्रिगेड दोन दिवस टिकत नाही. सगळ्यात मोठा मान तुझा."

"मान पुढे असतो की मागे?" मी विचारलं. हूं, म्हणाले.

सकाळी चारपासून उभी होते. चिकनचा रस्सा, पुलाव, मटकीची उसळ, सोलकढी. दापोलीकडचे एक भाई आहेत, फाहाहीलला मालाची पिकअप चालवतात, त्यांच्या गाडीत पातेली चढवली आणि मी पुढे त्यांच्याशेजारी बसले. साडेअकराला पंपाशी पोचलो. बाराला फोन यायचा होता.

बारा वाजले. सव्वाबारा.

"वैनी, जाऊया ना? पोरं भुकेली असतील," भाई म्हणाले.

"सिग्नल आला नाही, भाई."

"हितं कुठला सिग्नल? सरळ हायवे हाय."

साडेबारा. फोन वाजायला लागला. एका बाईचा, दुसऱ्या बाईचा, तंबूवाल्यांचा. मी उचलले नाहीत. पर्समध्ये तो थरथरत होता आणि मी समोरच्या रेताडाकडे बघत होते. सात फोन. त्यातला एकही ह्यांचा नव्हता. माझ्या मनात एकच होतं, आज ह्यांनी मला बोलवावं. तिने नाही, मंडळाने नाही, ह्यांनी. तक्त्यावर लिहिलं आहे ना की सिग्नल बोलावेल? मग बोलवा. सत्तर माणसं तिथे उपाशी बसली होती, त्यात लहान मुलं होती, आणि मी पातेल्यांच्या राशीला पाठ लावून बसले होते. आज लिहितानाही लाज वाटते, पण थोडीच.

एक वाजता समोरून एक पांढरी जुनी मोटार उलट फिरून पंपात शिरली. सिस्टर. उतरली, छातीवरचं घड्याळ बघितलं, माझ्या खिडकीशी आली.

"वहिनी, इथे का थांबलीस?"

"हुकमाची वाट बघतेय."

"दीड तास?"

"तुमच्याच कागदावर लिहिलंय. फोन आल्याशिवाय रसद हलत नाही."

तिने मागची पातेली बघितली. मग म्हणाली, "माझी अख्खी ब्रिगेड जागच्या जागी बसवलीस. शत्रूला जमलं नसतं."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"मेजरांचा फोन आला नाही?"

"नाही."

तिचा चेहरा उतरला. भाईंना तिने चहा आणायला पाठवलं आणि त्यांच्या जागेवर चढून बसली. एवढी उंच बाई, गुडघे डॅशबोर्डला टेकले. "चूक माझी," म्हणाली. "मी किनाऱ्यावरून ओरडले, मेजर, रसदेला बोलवा. त्यांनी मान हलवली. वारा होता, पाठ माझ्याकडे होती. त्यांना ऐकूच गेलं नसणार. सगळं माहीत असून मी त्यांना सिग्नल दिलं."

"काय माहीत असून?"

"तुला खरंच ठाऊक नाही?"

मी तिच्याकडे वळले.

"त्यांना ऐकू येत नाही, वहिनी. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा अर्धा. यंत्रांच्या आवाजाने. आमच्याकडे तपासायला आले होते तेव्हा मी तिथेच होते. शपथ घातली, घरी सांगू नका. कंपनीला कळलं तर नोकरी जाईल म्हणून घाबरले होते. सिग्नल त्यांनीच मागितलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं."

"आणि मग ते ओठ?"

"कुठले ओठ?"

"तुमचे! नुसते हलवत होतात आणि हे बघत होते. मी बघितलं खिडकीतून. शिरा घेऊन आले होते."

"मला कुठे मिळाला शिरा?"

"परत नेला. मी खाल्ला."

ती हसली नाही. हसायला हवं होतं तिने, मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "ओठांवरून शब्द ओळखायला शिकवत होते ग. एकदम सगळी भाषा नाही जमत. ब्रिगेडमध्ये शब्द ठरलेले, त्यांची जागा ठरलेली. बटालियन, कंपनी, पूल, तोफ. मी न बोलता सांगायचं, त्यांनी काडेपेटी हलवायची. आता छान जमतं त्यांना."

"तुमचं बोलणं जमतं. माझं?"

"तू त्यांच्याकडे तोंड करून कधी बोलतेस?"

 मशीन भिंतीकडे तोंड करून. ओटा भिंतीकडे तोंड करून. इतकी वर्षं मी भिंतीला सांगत होते आणि मागून हूं हूं येत होतं. ते हूं मला बरं वाटावं म्हणून होतं. आणि हे सगळं ह्या बाईला ठाऊक होतं. माझ्या संसारातली ही एवढी मोठी गोष्ट हिच्या हिरव्या चादरीवर मांडलेली होती, बियांसकट.

समजलं म्हणून जळजळ थांबते असं नसतं. उलट आता तिला जागा सापडली.

"चल," ती म्हणाली आणि खाली उतरली. "रसद पुढे. मी मागून येते."

शॅलेच्या फाटकाशी हे उभे होते. हातात फोन, चेहरा पांढराफटक. कुणीतरी त्यांना बोललं असणार. मी पिकअपमधून उतरले, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तोंडासमोर तोंड, आणि सावकाश म्हटलं, "भूक लागली?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "हो," म्हणाले. एका दमात. पहिल्या विचारण्याला पहिलं उत्तर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, सिस्टरच्या मोटारीकडे, तिने मला सांगितलं की काय म्हणून. त्या एका नजरेने माझी सगळी माया पुन्हा तळाला लागली.

पुलाव मात्र चांगला झाला होता. सगळे म्हणाले.

पुढे फार काही नाटक झालं नाही. ह्यांनी कंपनीत सांगितलं. नोकरी गेली नाही, नुसतं यंत्रांच्या गर्जनेतून उचलून ऑफिसात बसवलं. कानात यंत्र आलं. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "तू फार बोलतेस ग." मी म्हटलं, "आज कळलं?" मशीन मी खोलीकडे तोंड करून फिरवून घेतलं, त्यासाठी विजेचं बटण हलवावं लागलं.

पण शुक्रवार? शुक्रवार होता तसाच राहिला. ऐकू यायला लागल्यावरही हे अडीचला बूट घालायचेच. आता काय शिकायचं उरलं आहे, असं मी एकदा विचारलं, तोंडाकडे तोंड करून. तर म्हणाले, "शिकायला नाही. तिसरी बटालियन अजून बरणीत आहे."

मग तिचा इकामा, इथे राहायचा परवाना, संपला. वय झालं, इस्पितळाने निरोप दिला, नगरला जायचं ठरलं. जायच्या दोन दिवस आधी तिने मला बोलावलं. मेजरांना नाही, मला. मी गेले तर जेवणघरात टेबल उघडं. चादर नाही, काही नाही. लाकडावर खिडकीचं ऊन पडलेलं. त्या टेबलाचा रंग मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

तिने माझ्यासमोर एक डबा ठेवला. आत बटणं. धुतलेली, डिंक खरवडून काढलेला, आठ-आठची माळ दोऱ्यात ओवून गाठ मारलेली. राखाडी, काळी, हिरवी. वर घडी करून निळी ओढणी.

"गाड्या कुठे आहेत?"

"मोडल्या."

"का? मेजरांना द्यायच्या होत्या."

"बटणं तुझी होती."

"म्हणून काय झालं?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "वहिनी, त्या तशाच दिल्या असत्या तर माझी ब्रिगेड तुझ्या घरात येऊन राहिली असती. चाललं असतं तुला?"

मी खूप वेळ विचार केला. म्हणजे, केला असं दाखवलं.

"नाही," मी म्हटलं.

"तेच," ती म्हणाली. मग ओट्याकडे गेली, दोन कपात चहा ओतला आणि तिसरा भाग किटलीतच ठेवला. आम्ही उभ्याने चहा प्यायलो. तिला माझ्या मनातलं पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. त्याचाही मला रागच आला.

ती गेली त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी जेवण झालं, आणि अडीच वाजता ह्यांनी बूट घातले. दारापर्यंत गेले. मग थांबले, तिथेच खुर्चीत बसून एकेक बूट काढला, मोजे आत खोचले. आरामखुर्चीत येऊन बसले. मला माझा शुक्रवार परत मिळाला होता. मी मशीनवर बसले, खोलीकडे तोंड करून, आणि बोलायला लागले. चिपळूणचं, भाचीच्या लग्नाचं. हे ऐकत होते. खरंच ऐकत होते, मध्ये प्रश्न विचारत होते. आणि सगळा वेळ बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी पुढे-मागे सरकवत होते. तिथे काहीच नव्हतं.

मी बोलता बोलता थांबले. उठले. देवघरातून काडेपेट्या आणल्या, काड्या वाटीत ओतल्या. डिंक आणला. बटणांचा डबा आणला आणि ह्यांच्यासमोर जेवणाच्या टेबलावर बसले. खजुराच्या बिया मी आठवडाभर साठवल्या होत्या, का ते मला विचारू नका.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"पहिली बटालियन. तीन कंपन्या आणि एक जड हत्यारांची. दुसरी आणि तिसरी नंतर. टेहळणी वेगळी, ती कुणाच्याच हाताखाली नाही. तोफखाना मागे, पण इंजिनियर पुढे, कारण पूल आधी लागतो. जखमींची गाडी पुलाच्या अलीकडे. आणि रसद," मी म्हटलं, "रसद मागे थांबणार नाही. ती मध्ये चालेल."

हे बघतच राहिले. "तुला कुठून आलं हे सगळं?"

"मला ऐकू येतं," मी म्हटलं.

 ह्यांनी खुर्ची पुढे ओढली, एक काडेपेटी हातात घेतली, हिरव्या बटणांची माळ सोडवली. "सिस्टर पहिलं चाक पुढून लावायच्या," म्हणाले. "म्हणजे अंतर सारखं येतं."

"हो का," मी म्हटलं, त्यांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली, आणि पहिलं बटण मागून लावलं.